फळीवरच्या सतरा शंका

"...आणि समजा, यंत्राचा ड्रम एका टोकाला केसभर खाली असला, तर?"

नारोबा पटाशीला धार लावत होते. त्यांनी दगडावर पाणी शिंपडलं. पटाशी फिरवली. पुन्हा पाणी शिंपडलं.

"केसभर म्हणजे नेमकं किती, तेही सांगतो," सोवनीसर म्हणाले. "माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. पण केसाकेसांत फरक असतो. माझा वेगळा, तुमचा वेगळा..."

नारोबांच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

सर ओशाळले आणि हातातली वही उगाच चाळू लागले.

डॉ. त्र्यंबक सोवनी म्हणजे वाईतलं मोठं शिकलेलं माणूस. चौतीस वर्षं पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलेलं. पीएच.डी. मोजमापातल्या चुकांवर. जगातलं कुठलंही माप पूर्ण बरोबर नसतं, हे त्यांनी दोनशे ऐंशी पानांत सिद्ध केलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांना स्वतःलाच त्याचा त्रास सुरू झाला होता. भाजीवाल्यानं पाव किलो तोंडली तोलून दिली तरी ते तराजूच्या काट्याकडे असे बघत, की बिचारा आणखी दोन टाकी.

निवृत्तीनंतर त्यांनी परसात शेड घातली, हत्यारं जमवली आणि सुतारकामातलं विचारायला ते नारोबा पांचाळांकडे येऊ लागले. नारोबा गावाबाहेर, रस्त्याकडेला पत्र्याखाली काम करत. साठ वर्षं लाकडात गेलेली. शब्दसुद्धा तासूनच देतात, असं लोक म्हणत.

प्रश्न विचारण्यात सर तरबेज होते. उत्तर मिळालं, की त्यांना त्या उत्तराबद्दल तीन प्रश्न पडत.

पण या खेपेला गळ्याशी आलं होतं.

नात केतकीच्या साखरपुड्यात, पेढा तोंडात असताना, सर सगळ्यांसमोर बोलून गेले होते, "वधूवरांचे पाट मी स्वतः करणार!" व्याही "वा, वा!" म्हणाले. सरांच्या मुलाला एकदम खोकला आला. केतकी मात्र उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, मी त्याच पाटावर बसणार हं. दुसऱ्या कुठल्या नाही."

लग्न अकरा दिवसांवर आलं होतं. आणि सागाच्या दोन फळ्या, लाकडाच्या वखारीतून कापून आल्या तशाच, खरखरीत, शेडमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या.

सरांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे रंधा मारायला डॉक्टरांनी मनाई केलेली. म्हणून ड्रम सँडर घ्यायचा. ड्रम सँडर म्हणजे काचपेपर गुंडाळलेलं मोठं फिरतं लाटणं. खालचा पट्टा फळीला पुढं सरकवतो, वरचं लाटणं तिला घासतं. पोळी लाटण्यासारखंच. फक्त इथं पोळी पसरत नाही, नुसती पातळ होते.

कोणता सँडर घ्यायचा, यावर सरांचा तीन वर्षं अभ्यास चालू होता.

"हे बघा." त्यांनी मोठा कागद उलगडला. "चौदा यंत्रं. सव्वीस रकाने. प्रत्येकाला गुण दिलेत."

नारोबांनी पटाशी बाजूला ठेवली. कागद हातात घेतला. वरून खाली पाहिला. मग विचारलं,

"दार केवढं हाय?"

"ड्रम? ड्रमची रुंदी चौथ्या रकान्यात..."

"दार. शेडचं."

...

सरांना चौदाही यंत्रांच्या ड्रमचे मिनिटाला फेरे किती, ते तोंडपाठ होतं. स्वतःच्या शेडचं दार त्यांनी मोजलं नव्हतं.

त्यांनी घरी फोन लावला. ऐकू कमी येई, म्हणून स्पीकरवर.

"अगं, शेडचं दार किती रुंद आहे?"

"बादली घेऊन मला तिरकं होऊन जावं लागतं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "सात वर्षं झाली. आज आठवण झाली होय?"

"टेप लावून सांग ना जरा."

बाई टेप घेऊन गेल्याचं ऐकू आलं. काहीतरी पडल्याचंही ऐकू आलं.

"सव्वीस इंच. आणि तुमचा तो पत्र्याचा डबा खाली पडलाय. मी उचलणार नाहीये."

नारोबांनी कानावरची पेन्सिल काढून सरांपुढे धरली. सरांनी एकेका यंत्रावर रेघ मारायला घेतली. नऊ यंत्रं दारातच अडली.

"मिक्सर लावल्यावर शेडमधला दिवा काय करतो?" नारोबांनी विचारलं.

"मान टाकतो." फोन अजून चालू होता. उत्तर बाईंनीच दिलं.

मोठ्या मोटारीची आणखी तीन गेली.

"ऱ्हायली दोन," नारोबा म्हणाले. "परवा घरात येईल असं कुठलं?"

"एक आहे. साताऱ्याला, दुकानात. सोळा इंची. पण नारोबा, ते माझ्या यादीत अकरावं आहे!"

"आन् पयलं कुठलं?"

"ते... ते दारातनं जात नाही."

नारोबांनी पेन्सिल परत घेऊन कानावर ठेवली.

"मग माझी ही तीन वर्षं..." सरांचा आवाज बारीक झाला. "हा एवढा अभ्यास..."

"कागद चांगला हाय," नारोबा म्हणाले. त्यांनी धार लावलेली पटाशी उचलली, ती सव्वीस रकान्यांत नीट गुंडाळली आणि पेटीत ठेवून दिली.

यंत्र आलं. चौघांनी उचलून, पोटं आत ओढून, दारातून आत घेतलं.

त्यानंतर चार दिवस इंदुमतीबाईंना नवरा फक्त पाठमोरा दिसला.

सरांनी यंत्राचे पाय पाणसळीनं समतल केले. काचपेपर ड्रमला गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला, असं पाच वेळा. मग पोलादाच्या पातळ पात्या ड्रम आणि पट्टा यांच्यामधल्या फटीत सरकवून ते मापं घेऊ लागले. डाव्या टोकाला एक, मध्ये एक, उजव्या टोकाला एक. सकाळची मापं दुपारी जुळेनात, कारण दुपारी पत्रा तापे. दुपारची संध्याकाळी जुळेनात. मग पातीच बरोबर आहे का, अशी शंका आली. पाती मोजायला त्यांनी सूक्ष्ममापी काढली. तेव्हा सूक्ष्ममापीबद्दल शंका आली.

फळ्या भिंतीला टेकून उभ्याच.

चौथ्या दिवशी सकाळी बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मागे अंगणात रुखवताच्या कुरडया वाळत होत्या.

"फळीला हात लावलात?"

"यंत्राचं अजून थोडं..."

"पाच दिवस राहिलेत."

"मला माहीत आहे."

"कार्यालयवाल्यांकडे पाट मिळतात. लाल रंगाचे. मागच्या जन्मीच्या वऱ्हाडाचे हळदीचे डाग असलेले. केतकीला सांगू का, त्यावर बस म्हणून?"

सरांच्या हातातली पाती थरथरली, आणि त्या थरथरीनं मापात किती चूक येत असेल, हा विचार त्यांच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी फोन केला.

"नारोबा, दोन टोकांत फरक येतोय. किती, ते नक्की सांगता येत नाही. एकदा वाटतं आहे, एकदा वाटतं नाही. फळी घातली आणि बिघडली तर? सागाच्या अशा रुंद फळ्या आता मिळत नाहीत. दोनच आहेत..."

तिकडे पटाशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"येतो," नारोबा म्हणाले.

दुपारच्या एसटीनं ते आले. रिकाम्या हातानं. कानावर चपटी पेन्सिल तेवढी होती.

यंत्राभोवती त्यांनी एक चक्कर मारली. शेडचं दार उघडून भुशाचा पाइप परसाच्या मागच्या अंगाला वळवला.

"कुरडयावर भुसा बसला असता," ते म्हणाले. "बाईंनी तुमाला घातलं असतं यातनं."

मग त्यांनी एक फळी पाटासारखी समोर आडवी ठेवली. पेन्सिल सरांच्या हातात दिली.

"लिवा."

"काय लिहू?"

"मनात काय येतं त्ये."

"मराठीत?"

नारोबांनी नुसतं पाहिलं.

सरांनी आधी हातरुमालानं फळी पुसली. मग सुवाच्य अक्षरात लिहायला सुरुवात केली. एक: ड्रम समांतर आहे का? दोन: कागद सैल आहे का? तीन: पट्ट्याची गती जास्त तर नाही? चार: फळी मध्येच अडकली तर? पाच: शालू अडकेल असं कुसळ राहिलं तर?

लिहिता लिहिता अक्षर भरभर होऊ लागलं. बारा: आपण हे काम अंगावर घ्यायलाच नको होतं का? तेरा: मुलगा खोकला, तो खरंच खोकलाच होता का?

या काठापासून त्या काठापर्यंत फळी भरली. सतरा शंका झाल्या.

"आता घाला आत."

"पण याचंच तर उत्तर..."

"घाला."

सरांनी हिरवं बटण दाबलं. ड्रम घुमू लागला. पट्टा सरकला. त्यांनी डोळे बारीक करून फळी आत ढकलली, बाळाला पहिल्यांदा शाळेत सोडावं तशी. यंत्रानं ती आपली आपण ओढून घेतली आणि पलीकडे काढून दिली.

फळी जळली नव्हती. तुटली नव्हती. सागाचा वास मात्र शेडभर सुटला होता.

सर धावत पलीकडे गेले.

डाव्या बाजूच्या शंका साफ गेल्या होत्या. उजव्या बाजूला आठ शंका तशाच होत्या. तेरावी तर अगदी ठळक.

"उजवं टोक वर हाय," नारोबा म्हणाले. "त्यो बोल्ट. थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"फिरवा. मी सांगतो."

सरांनी पाना लावला. श्वास रोखून फिरवला.

"बास."

फळी पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत नितळ. एक अक्षर राहिलं नव्हतं.

चार दिवस, तीन वह्या आणि दोन पात्यांचे संच यांनी जे झालं नव्हतं, ते एका पेन्सिलीनं झालं. सरांचे डोळे भरून आले. पण ते पडले सोवनीसर.

"योगायोगानं तर नसेल झालं?" ते म्हणाले. "म्हणजे, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं बरं नाही. पुन्हा एकदा लिहून बघतो."

नारोबा पत्र्याच्या डब्यावर बसले. इंदुमतीबाईंनी चहा आणून दिला.

सरांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा घातली. सगळं गेलं.

"लागोपाठ तीनदा तरी आलं पाहिजे," सर म्हणाले.

तीनदा आलं. मग पाचदा. आता त्यांना गंमत वाटू लागली. ड्रम खाली आणणारी मूठ थोडी फिरवायची, शंका लिहायच्या, यंत्रात घालायच्या, पलीकडे जाऊन कोरी फळी उचलायची. आयुष्यभराच्या शंका त्यांना आठवू लागल्या. प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानावरचं ते समीकरण. विभागप्रमुखपद नाकारलं ते बरोबर केलं का. थोरल्या बहिणीचं शेवटचं पत्र, ज्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. सगळं लिहिलं. सगळं भुसा होऊन पाइपातून परसात गेलं.

नारोबा चहा पीत होते. फुंकर मारत, सावकाश.

बाई कप न्यायला आल्या. त्यांनी सहज भिंतीजवळची दुसरी फळी पाहिली. मग सरांच्या हातातली.

"अहो."

"थांब, एक राहिलीय."

"अहो, ही एवढी जाड आणि ती एवढी पातळ का?"

...

सरांनी लाल बटण दाबलं. ड्रम घुमत घुमत थांबला.

दोन्ही फळ्या त्यांनी शेजारी शेजारी धरल्या. मोजायची गरज नव्हती. तरी त्यांनी मोजलं. दोन सूत, म्हणजे चांगला पाव इंच, फळीतून गेला होता.

"गेलं," सर खाली बसत म्हणाले. "एकाचा पाट उंच, एकाचा बुटका. सगळं वऱ्हाड बघणार. नवरा वर, नवरी खाली, किंवा उलट... नारोबा, तुम्ही समोर बसला होतात! बघत होतात! मला थांबवलं का नाहीत?"

नारोबांनी कप बशीत पालथा घातला.

"लाल बटन तुमच्या हाताशी हुतं, मास्तर."

बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. पण त्यांचं हसू दारातून ऐकू येत राहिलं.

बराच वेळ सर भुशात बसून राहिले. आधी त्यांना राग आला. मग रागाबद्दल शंका आली. मग तीही ओसरली, आणि एवढंच उरलं, की पोरगी म्हणाली होती, त्याच पाटावर बसणार, दुसऱ्या कुठल्या नाही.

ते उठले. दुसरी फळी घेतली.

नारोबांनी भुशात पडलेली पेन्सिल उचलून पुढं केली.

सरांनी ती घेतली, क्षणभर थांबले, आणि मग फळीवर या काठापासून त्या काठापर्यंत वेडीवाकडी रेघोटी ओढली. एक अक्षर लिहिलं नाही.

फळी आत. फळी बाहेर. रेघोटी गेली. मूठ थोडी खाली. पुन्हा रेघोटी. पुन्हा आत.

किती वेळा, ते त्यांनी मोजलं नाही. निदान मोठ्यानं तरी मोजलं नाही.

मग दोन्ही फळ्या त्यांनी ओट्यावर एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि सवयीनं मापाकडे हात नेला. नारोबांनी तो हात मनगटाशी धरला. सांध्यावर आणून ठेवला.

"डोळे मिटा."

सरांनी मिटले. अंगठा एका फळीवरून दुसरीवर गेला. परत आला. पुन्हा गेला. पायरी लागेना.

"अजून एकदा घालू?" सरांनी डोळे मिटूनच विचारलं.

नारोबांनी त्यांचं मनगट सोडलं.

"...नको," सर म्हणाले. "नको. झालं."

त्यांनी डोळे उघडले, तेव्हा आपणच हे बोललो की काय, अशा नजरेनं ते इकडेतिकडे बघू लागले.

पाटाखालच्या पट्ट्या त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच करून ठेवल्या होत्या. चार, मागच्या बाजूला क्रमांक घातलेल्या. सरस लावला. स्क्रू पिळले. एक स्क्रू जरासा तिरका गेला. सरांनी नारोबांकडे पाहिलं. नारोबा छताकडे बघत होते. सरांनी तो तसाच राहू दिला.

उन्हं उतरली तेव्हा दोन पाट शेडच्या मधोमध, शेजारी शेजारी ठेवलेले होते. सागाचा रंग असा उजळला होता, की तेलपाणी करायच्या आधीच ते सणाचे दिसत होते.

नारोबांनी धोतर सावरलं आणि एका पाटावर मांडी घातली.

"बसा," त्यांनी शेजारच्या पाटाकडे बोट केलं.

"मी?"

"बसून बगायला नको?"

सर खांदा सांभाळत बसले. दोघं म्हातारे शेजारी शेजारी, पाठ ताठ, तोंडं दाराकडे. पाट हलला नाही. कुरकुरला नाही.

इंदुमतीबाई कुरडयांची ताटं उचलून आत नेता नेता दारात थबकल्या.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "अंतरपाट आणू का?"

नारोबा हसले. सर हसले. चार दिवसांत पहिल्यांदा, पोट धरून. बाई ताट तिरपं करून, हसतच पुढे गेल्या.

शेडमध्ये भुसा उन्हाच्या तिरिपीत तरंगत होता. सर पाटाच्या कडेवरून हात फिरवत बसले होते. हात गेला, आला. थांबला.

"नारोबा..."

"हूं."

"माझा पाट तुमच्यापेक्षा किंचित उंच वाटतो का? म्हणजे, किंचितच... की मीच तुमच्याहून उंच आहे? तुमचा इकडे द्या, आपण जागा बदलून बघू. नाहीतर असं करू, पाणसळी लावतो, एकच मिनिट..."

नारोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. पायात वहाणा घातल्या. पेन्सिल कानावर अडकवली.

"उठा, मास्तर."

"का हो? केतकी तर परवा येणार, तोवर मोजून घेऊ की..."

"पोरीला बसू द्या."